गुडघ्यातली गादी झिजली, तरी नंबर एक

होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये टेनिस लागलं की एक वाक्य हमखास कानावर येतं, "अरे, डबल्स आहे, चॅनल बदल." एकेरी ज्यांना जमत नाही त्यांनी दुहेरी खेळायची, असा आपला ठाम समज. हा समज अर्धा खरा आहे. उरलेल्या अर्ध्यात रोहन बोपण्णाची बावीस वर्षांची कारकीर्द बसते, म्हणून हा लेखनप्रपंच.

अर्धा खरा कसा, ते आधी. बोपण्णाचा जन्म १९८० चा. बालपण कूर्गमध्ये, घरचे कॉफीचे मळे. सर्व्हिसला जोर यावा म्हणून लाकडं फोडायची, दमसास वाढावा म्हणून मळ्यातून पळायचं, असलं त्याचं ट्रेनिंग. २००३ मध्ये तो व्यावसायिक खेळाडू झाला. एकेरीत त्याची सर्वोत्तम क्रमवारी २१३, तीही २००७ मध्ये. आता जगात २१३ वा म्हणजे काही खायचं काम नाही! पण ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत थेट प्रवेश मिळतो तो साधारण पहिल्या शंभरातल्यांना. बाकीचे पात्रता फेऱ्या खेळतात, छोट्या गावांतल्या छोट्या स्पर्धा खेळतात. विमानाचं तिकीट, हॉटेल, कोचचा पगार, सगळं बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून. हरलात तर त्या आठवड्याची कमाई नावापुरती. अशा वेळी ज्याची सर्व्हिस तोफेसारखी आहे पण पाय तेवढे चपळ नाहीत, तो दुहेरीकडे वळतो. बोपण्णा वळला.

पण दुहेरीचं गणित वेगळं आहे आणि ते आपल्या लोकांना आवडेल. एकेरीचं कोर्ट २७ फूट रुंद, दुहेरीचं ३६. दोघांत वाटलं तर माणशी १८ फूट. म्हणजे आडवं धावणं एक तृतीयांशाने कमी. मग सोपं झालं का? नाही. कारण समोर एक जण नेटजवळच उभा असतो, आणि तुमचा परतीचा फटका जरा उंच गेला की तो तिथल्या तिथे संपवतो. ताशी २०० किलोमीटरची सर्व्हिस म्हणजे सेकंदाला साधारण ५५ मीटर. कोर्टाची लांबी २३.७७ मीटर. हवेचा अडथळा आणि टप्पा सोडून दिला तर चेंडू पोचायला अर्धा सेकंदही लागत नाही, आणि तेवढ्यात नेटवरच्या माणसाला चुकवून कुठे मारायचं हेही ठरवायचं. पायांचं काम कमी, डोळ्यांचं आणि डोक्याचं जास्त. त्यात एटीपीच्या स्पर्धांत २००६ पासून दुहेरीत ड्यूसनंतर एकच निर्णायक गुण, आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेकर. सामना आटोपशीर. (ग्रँड स्लॅममध्ये मात्र जुना हिशोब, तिसरा सेट पूर्ण खेळावा लागतो.)

सुरुवातीच्या काळात त्याची जोडी जमली पाकिस्तानच्या ऐसाम-उल-हक कुरेशीबरोबर. 'इंडो-पाक एक्सप्रेस' म्हणायचे त्यांना. २०१० मध्ये अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत दोघे ब्रायन बंधूंकडून दोन टायब्रेकरमध्ये हरले. पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सानिया मिर्झाबरोबर मिश्र दुहेरीत चौथा क्रमांक, म्हणजे पदक हातातोंडाशी येऊन गेलं. २०१७ मध्ये गॅब्रिएला डाब्रोव्स्कीबरोबर फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकली. वय ३७. इथे थांबला असता तरी कुणी नावं ठेवली नसती.

खरी गोष्ट इथून पुढची. गुडघ्यात दोन हाडांमध्ये कूर्चेची गादी असते. ती झिजली की हाडावर हाड घासतं. बेअरिंगमधलं वंगण संपलं तर काय होतं ते मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको. बोपण्णाच्या गुडघ्यांत ही गादी उरली नव्हती. एका टप्प्यावर दिवसाला दोन-तीन वेदनाशामक गोळ्या चालू होत्या. लॉकडाऊनच्या काळात त्याने अय्यंगार योग सुरू केला. बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यात रुजवलेली ही पद्धत, दोर, पट्टे, लोड यांचा आधार घेऊन एकेका आसनात बराच वेळ राहायची. झिजलेली कूर्चा काही योगाने परत उगवत नाही. पण भोवतालचे स्नायू बळकट झाले तर धक्का ते झेलतात. गोळ्या सुटल्या.

आणि तरीही २०२१ मध्ये पाच महिने एकही सामना जिंकता आला नाही. आता पुरे, असा व्हिडिओ त्याने बायकोला पाठवला होता. हे त्याने नंतर स्वतःच सांगितलं. मला त्याच्या विजयांपेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्या पाच महिन्यांत पुढे काय होणार आहे हे त्याला कुठे ठाऊक होतं?

इथे क्रमवारी कशी ठरते ते कळायला हवं. ती जोडीची नसते, माणसाची असते, आणि मागच्या ५२ आठवड्यांचेच गुण धरतात. सीजीपीए काढताना फक्त शेवटच्या दोन सेमिस्टर मोजाव्यात तसं! जुनं यश आपोआप पुसलं जातं, तसंच जुनं अपयशही. ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डनबरोबर त्याने २०२३ मध्ये इंडियन वेल्स जिंकली (१००० गुण), विम्बल्डनची उपांत्य फेरी (७२०), अमेरिकन ओपनची अंतिम फेरी (१२००) गाठली. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ऋतुजा भोसलेबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णही आलं, पण त्याचे क्रमवारीत गुण नाहीत. मग २७ जानेवारी २०२४ ला मेलबर्नमध्ये बोलेली आणि वावासोरी या इटालियन जोडीला ७-६, ७-५ असं हरवून ऑस्ट्रेलियन ओपन (२०००). या चार स्पर्धांचेच ४९२० झाले. दोन दिवसांनी दुहेरीच्या क्रमवारीत बोपण्णा पहिला. वय ४३. इतक्या उशिरा तिथे पहिल्यांदा पोचलेला दुसरा कुणी नव्हता. पुरुष दुहेरीचं हे त्याचं पहिलंच ग्रँड स्लॅम!

मार्चमध्ये मायामीही जिंकली, तेव्हा ४४ पूर्ण झाले होते. पुढे ५२ आठवड्यांचं चक्र उलटं फिरलं आणि क्रमवारी घसरत गेली. २०२५ च्या शरदात ४५ व्या वर्षी टोकियोची अंतिम फेरी तेवढी गाठली. पॅरिसला अलेक्झांडर बुब्लिकबरोबर शेवटचा सामना खेळून त्याने १ नोव्हेंबर २०२५ ला निवृत्ती जाहीर केली. निरोपाच्या निवेदनात कूर्गमधल्या त्या लाकूड फोडण्याचाही उल्लेख होता.