आपपर विसरलेले रक्त

मिरीच्या हिरड्या पांढुरक्या पडल्या आहेत हे पहिल्यांदा आईच्या लक्षात आले. मिरी ही आमची काळी कॉकर स्पॅनियल, वय सहा वर्षे, वजन दहा किलो. दोन दिवस ती जिना चढताना मध्येच बसत होती आणि आम्ही ते पुण्याच्या मे महिन्यावर ढकलून मोकळे झालो होतो. जंताची गोळी घालण्यासाठी आईने तिचा ओठ वर केला आणि म्हणाली, ‘‘अरे, हिच्या तोंडात रक्तच नाहीये.’’

त्या संध्याकाळी तपासणीत तांबड्या पेशींचे प्रमाण १४ टक्के भरले. रक्त बारीक नळीत घालून जोरात फिरवले की तांबड्या पेशी तळाशी बसतात. एकूण रक्तात त्या थराचा वाटा किती, एवढाच या आकड्याचा अर्थ. निरोगी कुत्र्यात तो साधारण ३७ ते ५५ असतो. तेव्हापासून चौदा महिने आमच्या घरात या एका आकड्याचे राज्य आहे.

कुत्र्याची तांबडी पेशी साधारण ११० दिवस जगते. म्हातारी झाली की प्लीहेतल्या भक्षक पेशी तिला बाजूला काढतात, तिच्यातले लोह परत वापरात आणतात आणि अस्थिमज्जा नवी पेशी पाठवते. मिरीला झालेल्या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच धडधाकट तांबड्या पेशींवर प्रतिपिंडांची खूण करून ठेवते. खूण दिसली की प्लीहा आणि यकृत त्यांना म्हाताऱ्या समजून फोडू लागतात. मोडलेल्या पेशींतून निघालेला पिवळा रंग डोळ्यांत आणि कातडीवर उतरतो, म्हणून अशक्तपणाबरोबर कावीळही दिसते. काही वेळा पेशी रक्तवाहिनीतच फुटतात. मग लघवी कोऱ्या चहासारखी होते.

शरीर स्वतःवर उलटते, ही कल्पनाच एके काळी शास्त्रज्ञांना अशक्य वाटत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत पॉल एर्लिख यांनी शेळ्यांना दुसऱ्या शेळ्यांचे रक्त टोचून पाहिले. परक्या रक्ताविरुद्ध शेळ्यांनी प्रतिपिंडे तयार केली, स्वतःच्या रक्ताविरुद्ध केली नाहीत. शरीराला आपलेच विष होण्याची जणू धास्ती असते असे एर्लिख यांनी मांडले, आणि त्यांचा दबदबा असा की तो पुष्कळांना निसर्गनियमच वाटला. १९०४ मध्ये व्हिएन्नात डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी थंडीने लाल लघवी होणाऱ्या रोग्यांच्या रक्तात त्यांच्याच पेशी फोडणारा घटक दाखवून दिला, तरी जुनी समजूत जायला काही दशके लागली. आपपरभाव नसणे हा संतांच्या लेखी सद्गुण. रक्ताला तो परवडत नाही.

डॉक्टरांनी (आमच्या डॉक्टर तरुण आहेत, मला काका म्हणतात) पहिला प्रश्न विचारला तो स्वयंपाकघराचा. ‘‘काका, हिला कांदा घातलेलं काही देता का? आमटी, रस्सा, भाजीचं उरलेलं?’’ कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशींना घातक असतात. शिजवले तरी घातकपणा जात नाही. पोळीला रस्सा चोळून कुत्र्याला घालणाऱ्या घरांत हे फारसे कुणाला ठाऊक नसते. आम्ही देत नव्हतो. दुसरा प्रश्न गोचिडांचा. बबेसिया नावाचा परजीवी गोचिडीतून रक्तात शिरतो, तांबड्या पेशींत वाढतो आणि संरक्षक यंत्रणेला भडकवून नेमके असेच चित्र उभे करतो. त्यातल्या बबेसिया गिब्सोनी या जातीची पहिली नोंद आपल्याच देशातली आहे. १९१० मध्ये पॅटन यांनी मद्रास हंटच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात आणि नंतर कोल्ह्याच्या रक्तात ती पाहिली. त्यामुळे आपल्याकडे कुत्रा फिका पडला की आधी गोचीडतापाचा संशय घेणे बरोबरच आहे. मिरीच्या रक्तात परजीवी सापडला नाही. कारण सापडत नाही तेव्हा आजार स्वयंभू मानतात, आणि कॉकर स्पॅनियल या जातीत तो इतरांपेक्षा अधिक आढळतो.

निदान काचपट्टीवर झाले. रक्ताच्या थेंबात सलाईन मिसळून पट्टी हलवली, तरी पेशींचे बारीक दाणेदार गठ्ठे सुटेनात. प्रतिपिंडांनी त्यांना एकमेकींना चिकटवून ठेवले होते. सूक्ष्मदर्शकाखाली दुसरा पुरावा दिसला. कुत्र्याची तांबडी पेशी मध्यभागी फिकट असते, बशीसारखी. भक्षक पेशीने तिच्या आवरणाचा लचका तोडला की उरलेली पेशी आक्रसून गोळीसारखी गच्च लाल होते. मिरीच्या रक्तात अशा गोळ्यांचा सडा होता. हे दोन्ही पुरावे नसते तर कूम्ब्स चाचणी करावी लागली असती, म्हणजे पेशींवर चिकटलेले प्रतिपिंड प्रत्यक्ष पकडणारी. माणसांच्या इस्पितळांत रोज होणारी ही चाचणी १९४५ मध्ये केंब्रिजला मूरंट आणि रेस यांच्या साथीने रॉबिन कूम्ब्स यांनी मांडली. हे कूम्ब्स शिक्षणाने गुरांचे डॉक्टर. ते वाचले तेव्हा मी थांबलो. पुढे वाचत गेलो तसतसा या इतिहासाच्या बहुतेक वळणांवर कुत्रा किंवा कुत्र्यांचा डॉक्टर उभा दिसला.

दुसऱ्या दिवशी आकडा ११ वर आला आणि रक्त द्यायचे ठरले. कुत्र्यांच्या रक्तपेढ्या आपल्याकडे फार थोड्या. चेन्नईच्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या पेढीचे नाव घेतात. बाकी ठिकाणी दाता शोधण्याचे काम घरच्यांचेच. शेजारच्या सोसायटीतला तीस किलोचा लॅब्रॅडॉर मिळाला. त्याच्या मालकीणबाईंशी आमची तोवर पार्किंगवरून बोलाचाल बंद होती. त्या काही न विचारता त्याला गाडीत घालून आल्या.

कुत्र्यांतही रक्तगट असतात, त्यातला डीईए १ सर्वांत महत्त्वाचा. पण परक्या गटाविरुद्ध त्यांच्या रक्तात माणसासारखी जन्मजात प्रतिपिंडे सहसा नसतात, म्हणून पहिल्यांदा दिलेले रक्त बहुधा सोसते. दुसऱ्या वेळेपासून जुळवणी लागतेच. मिरीच्या बाबतीत तीही धड वाचता येईना, कारण तिच्या पेशी मुळातच गठ्ठे करत होत्या. दर किलोमागे वीस मिलिलिटर रक्त दिले तर आकडा साधारण दहाने चढतो. तिला दोनशे मिलिलिटर दिले आणि आकडा २० वर आला. दिलेले रक्तही पुढे फुटत राहणार होते. मिळाला तो फक्त वेळ. औषधाचा परिणाम दिसायला आणि अस्थिमज्जेने नव्या पेशी सोडायला काही दिवस जातात, ते पार पाडण्यापुरता.

त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर मी मोबाइलवर वाचत बसलो होतो. रक्त देण्याचा पहिला यशस्वी प्रयोग कुत्र्यावरच झाला होता. १६६५ मध्ये ऑक्सफर्डला रिचर्ड लोअर यांनी एका कुत्र्याचे रक्त तो मरणाला टेकेपर्यंत काढले, मग दुसऱ्या कुत्र्याच्या मानेतल्या धमनीतून नळीने त्याच्या शिरेत रक्त सोडून त्याला पुन्हा उभे केले. दाता कुत्रा त्यात गेला. पुढच्या वर्षी लंडनच्या ग्रेशम कॉलेजात तसाच प्रयोग झाल्याचे सॅम्युअल पेपिस यांनी रोजनिशीत टिपले आहे. एखाद्या क्वेकराचे रक्त आर्चबिशपांना चढवले तर काय होईल, असे विनोदही तिथे झाले म्हणे. आमचा लॅब्रॅडॉर बिस्कीट खाऊन शेपूट हलवत घरी गेला.

या आजारात दगावणाऱ्या कुत्र्यांचे प्रमाण वेगवेगळ्या अहवालांत तीस ते सत्तर टक्के सांगितलेले आढळते आणि बहुतेक मृत्यू पहिल्या दोन आठवड्यांतले असतात. आपल्याला वाटते, रक्त कमी पडून कुत्रा जातो. पुष्कळदा त्याला नेते ती गुठळी. पेशी फुटण्याच्या गदारोळात रक्त गोठण्याकडे झुकते आणि फुप्फुसाच्या वाहिनीत गुठळी अडकते. म्हणून रक्ताचा दुष्काळ असलेल्या या रोग्याला रक्त गोठू न देणारे क्लोपिडोग्रेलही देतात. झोपेतला श्वास मिनिटाला तिसाच्या वर जाऊ लागला की वेळ न घालवता फोन करायचा, असे आम्हाला बजावले होते. आई रात्री घड्याळ समोर ठेवून तिची छाती मोजत बसे.

मुख्य औषध प्रेडनिसोलोन. सुरुवातीची मात्रा दिवसाला किलोमागे २ मिलिग्रॅम, म्हणजे मिरीला २०. या जातीचे औषध माणसाला पहिल्यांदा १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातासाठी दिले आणि दोन वर्षांत त्यावर नोबेल मिळाले. ते भक्षक पेशींना आवरते आणि पुढे प्रतिपिंडांची निर्मितीही मंदावते. तिसऱ्या आठवड्यात मिरीचा आकडा ३३ झाला. पण जी मिरी परत आली ती वेगळीच होती. दिवसाला तीन पातेली पाणी पिणारी, रात्री दोनदा दिवाणखान्यात लघवी करणारी, पंख्याखाली बसूनही धापा टाकणारी. कपाळावरचे मांस झडले, पोट सुटले. खाण्यावर अशी तुटून पडायची की एकदा आईच्या हातातून कणकेचा गोळाच ओढला. नातेवाईक म्हणायचे, ‘‘काय छान जीव धरलाय!’’ आम्ही काय सांगणार.

इथून पुढचा भाग कुणी नीट समजावून सांगत नाही, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आकडा सुधारला तरी यंत्रणेचा गैरसमज तसाच असतो. औषधाने तिला दाबून धरलेले असते. मात्रा दर तीन आठवड्यांनी साधारण पाव भाग कमी करत जायची, प्रत्येक वेळी आधी रक्त तपासायचे. सगळे नीट चालले तरी चार ते आठ महिने लागतात. औषध एकदम तोडले तर आजार उलटण्याची भीती असतेच, शिवाय शरीर स्वतःचे स्टिरॉइड बनवायचे विसरलेले असते. या काळात जंतूंपुढे कुत्रा उघडा पडतो. जिवंत विषाणूंच्या लशी टाळाव्या लागतात, गोचिडींचा बंदोबस्त बाराही महिने ठेवावा लागतो. आपल्या अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला एरवीही देऊ नयेत, स्टिरॉइड चालू असताना तर त्या पोटात रक्तस्राव घडवू शकतात.

डॉक्टरांनी वही घालायला सांगितली होती. तारीख, गोळी, पाणी, लघवीचा रंग, हिरड्या. काळ्या कुत्र्याच्या हिरड्यांवर काळे डाग असतात, म्हणून खालच्या पापणीची आतली बाजू पाहायची. लघवी पांढऱ्या कागदावर टिपायची.

मात्रा २० वरून १५, मग साडेबारा, मग १० झाली. आकडा ४१. तिसरा महिना संपत आला होता. कोल्हापूरला पुतणीचे लग्न होते, मिरी शेजाऱ्यांकडे राहणार होती, आणि रात्रीच्या फरशीची मला लाज वाटत होती. मी कुणालाही न विचारता गोळी अर्धी केली. वहीत मात्र १० लिहीत राहिलो, कारण वही आई वाचायची. सोळाव्या दिवशी कागदावर चहाचा रंग उमटला. आकडा २२.

डॉक्टरांनी गोळ्यांच्या पट्ट्या मागवल्या, मोजल्या आणि वहीशी ताडल्या. ‘‘काका, आठ गोळ्या जास्त उरल्यात,’’ एवढेच म्हणाल्या. आई शेजारीच उभी होती.

पुन्हा २०. जोडीला अ‍ॅझाथायोप्रिन नावाची दुसरी गोळी आली, जी हातमोजे घालून द्यायची आणि जिच्यासाठी यकृत अन् पांढऱ्या पेशी तपासत राहायचे. जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतून हे औषध आले. रॉय कॅल्न यांनी बदललेले मूत्रपिंड शरीराने झिडकारू नये म्हणून या जातीची औषधे आधी कुत्र्यांना देऊन पाहिली. त्या कुत्र्यांवरून जे कळले त्याच्या जोरावर १९६२ मध्ये बॉस्टनला जोसेफ मरे यांनी मृत व्यक्तीचे मूत्रपिंड रोग्याला बसवले आणि ते टिकले. ती औषधे माणसांच्या औषधशास्त्रात मुरली आणि साठ वर्षांनी, माणसांच्याच औषधांच्या दुकानातून, मिरीच्या वाटीत परत आली. दुकानदाराने विचारले, ‘‘पेशंटचं नाव?’’ मी मिरी सांगितले. त्याने आडनावासकट पावती केली.

दुसऱ्या खेपेला मी एकदाही घाई केली नाही, यात शहाणपणापेक्षा धाक जास्त होता. आता अ‍ॅझाथायोप्रिन बंद आहे. प्रेडनिसोलोन अडीच मिलिग्रॅम, दिवसाआड. कपाळ भरून आले, रात्रीची फरशी कोरडी असते. लॅब्रॅडॉरच्या मालकीणबाई संध्याकाळी त्याला घेऊन येतात. गाडी अजून आमच्याच जागेत लावतात. वही आता आई लिहिते. चहा टाकायच्या आधी ती मिरीची पापणी खाली ओढून खिडकीकडे वळवते, मग लिहिते. शेवटचा आकडा ३९ आहे. पुढची तपासणी तीन आठवड्यांनी.