एकट्याने शर्यत खेळायची, तर समोर कोण हवं?

आज रिइन्फोर्समेंट लर्निंगबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात गेमिंगमधल्या एका जुन्या तक्रारीपासून करू.

'ग्रॅन टुरिझ्मो' ही प्लेस्टेशनवरची मालिका १९९७ पासून चालू आहे. थोडक्या पैशांत जुनी गाडी घ्यायची, लायसन्सच्या परीक्षा द्यायच्या, शर्यती जिंकून गाडी सुधारायची: एकट्याने खेळायचा हा प्रवास तिची खरी ओळख. २०१७ च्या 'ग्रॅन टुरिझ्मो स्पोर्ट'मध्ये सुरुवातीला तो जवळजवळ नव्हताच. सगळा भर ऑनलाइन शर्यतींवर. ओरड झाली, आणि डिसेंबरमध्ये 'जीटी लीग' आली. २०२२ च्या सातव्या भागात जुन्या गाड्या, लायसन्स, सगळं परत आलं. तरी एकट्याने खेळणारे बरेच जण नाराजच राहिले. का बरं?

मला वाटतं, अडचण शर्यतींच्या संख्येची नाही, प्रतिस्पर्ध्याची आहे. यातल्या बऱ्याच शर्यतींत तुम्ही मागून निघता आणि पहिली गाडी आधीच कितीतरी पुढे असते. मोजक्या फेऱ्यांत सगळ्यांना मागे टाकायचं. पण पुढच्या गाड्या आपली ठरलेली रेषा धरून चालतात. तुम्ही शेजारी आलात याची त्यांना फारशी दखल नसते. म्हणजे अंगणातल्या खांबांना हात लावून खेळलेली कबड्डीच ती. प्रतिस्पर्धी नीट लढत नसेल, तर शर्यत अवघड करायला सोपा उपाय उरतो तो सुरुवातीचं अंतर वाढवण्याचा.

आता संशोधनाकडे येऊ. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये सोनी एआयच्या 'सोफी'वरचा पेपर आला. सोफीला गाडी कशी चालवायची याचे नियम कोणी लिहून दिले नव्हते. ट्रॅकवर पुढे सरकलं की गुण मिळायचे. ट्रॅक सोडला, भिंतीला घासलं किंवा दुसऱ्याला धडकलं की गुण कापले जायचे. बाकी सगळं ती हजारो तास चुकत चुकत शिकली.

गंमत धडकेच्या दंडात आहे. दंड जास्त ठेवला तर सोफी भित्री होते, कोणी जवळ आलं की वाट सोडते. कमी ठेवला तर गुंडगिरी करते. शिवाय धडकेत चूक कोणाची, हे आकड्यात मांडणं महाकठीण. जुलै २०२१ मध्ये ती एकटी धावताना अव्वल खेळाडूंपेक्षा वेगवान होती, तरी सांघिक शर्यतीत ७०–८६ अशी हरली. ऑक्टोबरमध्ये, सुधारणांनंतर, १०४–५२ ने जिंकली. नुसता वेग आणि शर्यत लढणं, ही दोन वेगळी कौशल्यं आहेत.

पण घरी दमून येऊन अर्धा तास खेळणाऱ्याला विश्वविजेत्याला हरवणारी सोफी काय कामाची? त्याला हवी चुरस. आणि इथे आमच्या क्षेत्राचा खरा प्रश्न सुरू होतो: मशीनला बक्षीस आकड्यातच द्यावं लागतं. ट्रॅकवर किती मीटर पुढे गेलात हे मोजता येतं. मजा किती आली हे कसं मोजणार? समजा, 'शेवटपर्यंत खेळाडूच्या जवळ राहा' याला गुण दिले. मग एजंट मुद्दाम ब्रेक दाबेल. खेळाडूला ते दोन फेऱ्यांत कळतं, आणि एकदा कळलं की जिंकण्यातली चव गेली.

सोफी २०२३ मध्ये सातव्या भागात आली. आधी थोड्या दिवसांसाठी, मग नोव्हेंबरपासून कायमची. पण तेव्हा ती मिळाली निवडक ट्रॅकवरच्या सुट्या शर्यतींत, एकट्याच्या मुख्य प्रवासात नाही. म्हणजे तक्रार जिथे होती, तिथे औषध पोचलंच नाही. ते पोचवायचं तर नवशिक्याशीही प्रामाणिकपणे लढेल, पण त्याला चिरडणार नाही असा प्रतिस्पर्धी हवा. मुद्दाम हरणं आणि आपल्या कुवतीनुसार चुका करणं यातला फरक मशीनला शिकवायचा, तर बक्षीस नेमकं कशाला द्यायचं? तुम्हाला काही सुचलं तर जरूर कळवा. पुढच्या लेखात याच बक्षिसाच्या गणिताकडे जरा जवळून बघू.