लोकसंख्या शून्य, तरीही गावाला मेयर! फ्रान्समधल्या या गावाची गोष्ट काय आहे?

फ्रान्सच्या ईशान्येला म्यूज नदीच्या डाव्या काठावर क्युमिएर-ल-मॉर-ओम नावाचं गाव आहे. म्हणजे, सरकारी कागदावर आहे. जनगणनेत त्याच्या नावापुढे आकडा असतो ०. तरीही ते अधिकृत 'कम्यून' आहे. कम्यून म्हणजे साधारण आपल्या ग्रामपंचायतीसारखा सर्वात खालचा प्रशासकीय घटक.

गाव रिकामं कसं झालं?
पहिल्या महायुद्धाआधी इथे सुमारे दोनशे लोक राहत होते. २१ फेब्रुवारी १९१६ ला व्हर्दूनची लढाई सुरू झाली. मार्चमध्ये जर्मन फौजांनी नदीच्या डाव्या काठावरही हल्ला चढवला. शेजारची मॉर-ओम टेकडी दोघांनाही हवी होती. (मॉर-ओम म्हणजे 'मेलेला माणूस'. हे नाव मात्र युद्धाआधीपासूनचं!) लढाई ३०० दिवसांहून जास्त चालली आणि त्यात गाव जमीनदोस्त झालं.

लोक परत का आले नाहीत?
येऊ दिलं गेलं नाही. जमिनीत न फुटलेले तोफगोळे, विषारी रसायनं आणि सैनिकांचे अवशेष होते. शेती करणं अशक्य होतं. सरकारने असा पट्टा 'रेड झोन' ठरवून ताब्यात घेतला आणि तिथे जंगल लावलं.

मग मेयर कशाला?
व्हर्दून परिसरातली अशी नऊ गावं पुसली गेली. त्यांना 'फ्रान्ससाठी प्राण दिलेलं गाव' हा मान मिळाला आणि १९१९ च्या कायद्याने कम्यूनचा दर्जाही टिकला. मतदारच नाहीत, त्यामुळे निवडणूक होत नाही. जिल्ह्याचा प्रमुख असलेला प्रीफेक्ट तीन सदस्यांची समिती नेमतो आणि तिच्या अध्यक्षाला मेयरचे अधिकार असतात. गावाशी पिढीजात नातं असलेल्यांची अनेकदा या कामासाठी निवड होते. स्मारक आणि चॅपलची देखभाल, स्मृतिदिनाचे कार्यक्रम अशी कामं त्यांच्याकडे असतात. धरणात गाव गेलेल्या आपल्याकडच्या कुटुंबांना यातलं मोल वेगळं सांगायला नको.

नऊपैकी तीन गावं पुढे थोडीफार वसली. त्यातली दुओमों आणि व्हो ही दोन २०१९ मध्ये एकत्र येऊन एकच कम्यून झाली. क्युमिएरसह उरलेली सहा आजही शून्यावर आहेत. या भागातून तोफगोळे काढण्याचं कामही अजून संपलेलं नाही.