कलकत्त्याचे जादूघर आणि मराठ्यांचा खंदक

आपल्याकडील मंडळी काशी, प्रयाग, गया करून परतताना पुष्कळदा कलकत्त्यास वळसा घालतात. कालीमातेचे दर्शन घ्यावे, हुगळीवरचा पूल पाहावा, घरच्या लेकीसुनांकरिता दोनचार साड्या घ्याव्या आणि आगगाडीत बसावे, इतकाच त्यांचा कार्यक्रम असतो. इ. स. 2001 पासून या नगरीचे नाव सरकारदप्तरी कोलकाता असे झाले आहे; पण आमच्या पिढीच्या जिभेस वळण जुनेच असल्यामुळे आम्ही येथे कलकत्ता असेच म्हणणार. ज्या कुटुंबात शिकती मुले आहेत, त्यांनी या शहराकरिता निदान चार दिवस राखून ठेवावे असे आम्हांस वाटते. गेल्या पौषात आम्ही आमच्या नातीसह ते चार दिवस काढले, आणि पन्नास वर्षे पुस्तकातून वाचलेल्या काही गोष्टी प्रथमच डोळ्यांनी पाहिल्या.

आरंभ चौरंगीवरील इंडियन म्युझियमपासून करावा. बंगाली लोक यास ‘जादूघर’ म्हणतात, आणि ते नाव मुलांना फार आवडते. इ. स. 1814 मध्ये नथॅनिएल वॉलिक नावाच्या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून एशियाटिक सोसायटीच्या आश्रयाने हा संग्रह सुरू झाला. चौरंगीवरील प्रशस्त वास्तू 1878 साली लोकांस खुली झाली. येथे मिसर देशातील ममी आहे, आणि मुलांची झुंबड प्रथम तिच्याकडेच वळते. ती वळू द्यावी. मात्र तेथून मुलांना हाती धरून भरहुतच्या दालनात न्यावे.

भरहुत हे गाव मध्यप्रदेशात सतना जिल्ह्यात आहे. तेथील स्तूपाचे अवशेष 1873 साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या दृष्टीस पडले. आसपासचे लोक घरे बांधण्यास त्यातले दगड नेत होते, म्हणून उरलेली वेदिका, म्हणजे स्तूपाभोवतीचा दगडी कठडा, आणि तोरण ही त्यांनी कलकत्त्यास आणविली. तांबूस वालुकाश्मावर दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोरलेल्या जातककथा येथे हाताच्या अंतरावर दिसतात. एका वर्तुळात श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाची कथा आहे. जेतवन विकत घ्यावयाचे तर सारी भूमी नाण्यांनी झाकावी लागेल, अशी मालकाची अट होती. बैलगाडी सोडलेली आहे, चाकर चौकोनी नाणी जमिनीवर मांडीत आहेत, आणि दाता हाती झारी घेऊन दानाचे उदक सोडीत आहे. चित्राखाली त्याचे नावही कोरलेले आहे. चित्राखाली मजकूर देण्याची आपली रीत किती जुनी आहे, हे यावरून दिसेल.

येथेच आमच्या नातीने आमची परीक्षा घेतली. ‘आजोबा, ही अक्षरे वाचून दाखवा ना,’ असे ती म्हणाली. आम्ही जन्मभर शाळेत अशोकाचा धडा शिकविला, घरी संस्कृताचे अध्ययन केले. परंतु ब्राह्मी लिपीचे एक अक्षर आम्हांस वाचता येत नव्हते. ते कबूल करावे लागले. त्या सायंकाळी बिऱ्हाडी वर्णमालेचा तक्ता मिळवून आम्ही दोघे अभ्यासास बसलो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या कठड्यापाशी उभे राहिलो. मध्येच बाक आलेली उभी रेघ म्हणजे ‘द’. आडव्या रेघेवर उभी असलेली सरळ रेघ म्हणजे ‘न’. पुढे एक टिंब म्हणजे अनुस्वार. ‘दानं’! खांबामागून खांब पाहत ती मुलगी तोच शब्द शोधीत फिरली, आणि तो तिला वारंवार सापडला.

याच शब्दाने ही लिपी जगास पुन्हा अवगत झाली, हे पुष्कळांस ठाऊक नसते. कलकत्त्याच्या टाकसाळीत धातूंची पारख करणारे जेम्स प्रिन्सेप सांचीच्या लेखांचे ठसे पाहत होते. कित्येक लहान लहान लेखांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो हे त्यांच्या ध्यानी आले. देवस्थानातील खांबांवर दात्यांची नावे असतात, तेव्हा हे शेवटचे पद ‘दान’ असले पाहिजे, असा तर्क त्यांनी केला आणि तो खरा ठरला. हे 1837 साल. पुढे तीनच वर्षांत, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी ते निवर्तले. हुगळीच्या काठी त्यांच्या नावाचा घाट आहे. सायंकाळी तेथे अवश्य बसावे.

पार्क स्ट्रीटवरील एशियाटिक सोसायटी सर विल्यम जोन्स यांनी 15 जानेवारी 1784 रोजी स्थापिली. राजपुतान्यातील बैराट येथे सापडलेला अशोकाचा शिलालेख या संस्थेत आहे. भिक्षूंनी व उपासकांनी कोणते धर्मग्रंथ ऐकावे हे त्यात राजाने स्वतः सांगितले आहे. जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचे नाते 1786 साली याच संस्थेपुढे मांडले, आणि 1789 साली शाकुंतलाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्यांना संस्कृत शिकविण्यास ब्राह्मण पंडित तयार झाले नाहीत. अखेर रामलोचन नावाच्या वैद्य जातीच्या पंडिताने त्यांस शिकविले. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी पिढीजात विद्या आहे, म्हणून ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतो. आपल्या पूर्वजांनी वेद कंठात राखले हे खरे. पण अशोकाची लिपी आपण विसरलो, आणि जो शिकावयास दारी आला त्यास दार लावून घेतले, हेही खरेच. साउथ पार्क स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीत जोन्स यांच्या समाधीचा उंच सुळका झाडांच्या गर्दीत उभा आहे. तेथे आम्ही काही वेळ निमूट उभे राहिलो.

व्हिक्टोरिया मेमोरियल सर्वांस छायाचित्रांवरून परिचित आहे. लॉर्ड कर्झन यांची ही कल्पना. पायाचा दगड 1906 मध्ये बसला आणि 1921 मध्ये इमारत खुली झाली. संगमरवर मकराण्याचा आहे. आतील चित्रांत डॅनियल काकापुतण्यांनी काढलेली जुन्या हिंदुस्थानची दृश्ये सावकाश पाहण्यासारखी आहेत. हे स्मारक व जादूघर ही दोन्ही सोमवारी बंद असतात, एवढे ध्यानी धरून बेत आखावा.

आता ज्या स्थळाकरिता आम्ही हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे वळतो. तेथे पाहावयास काहीही नाही. उत्तर कलकत्त्यात बागबाजार भागात एका गल्लीस ‘मराठा डिच लेन’, म्हणजे मराठ्यांच्या खंदकाची गल्ली, असे नाव आहे. इ. स. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगाल्यात शिरल्या, तेव्हा भयभीत झालेल्या रहिवाशांनी स्वखर्चाने शहराभोवती खंदक खणावयास घेतला. सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत तीन मैल खणून झाला. मराठे शहरावर आलेच नाहीत, म्हणून काम तेथेच थांबले. 1799 साली बराचसा खंदक बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढण्यात आला.

त्या भागात एका वृद्ध बंगाली गृहस्थांनी आम्हांस अगत्याने घरी नेले. त्यांचा चारपाच वर्षांचा नातू आजोबांच्या मांडीवर येऊन बसला. ‘हे बर्गींच्या देशातून आले आहेत बरे,’ असे ते हसत म्हणाले. मुलगा चटकन उठून दाराआड लपला! गृहस्थ ओशाळले आणि समजावू लागले की, बंगाल्यात मुलांना निजविताना जे गाणे म्हणतात त्यात बर्गी येतात. बर्गी म्हणजे आपला बारगीर. शिलेदार स्वतःचा घोडा आणी, बारगिरास तो सरकारातून मिळे. एवढाच आम्हांस ठाऊक असलेला त्या शब्दाचा अर्थ. 1742 ते 1751 या काळात त्याच शब्दास येथे गावे जाळणारा, पिके लुटणारा असा अर्थ चिकटला, आणि तो अद्याप सुटलेला नाही.

आम्ही वर्गात या स्वाऱ्या कशा शिकवीत होतो, ते आम्हांस तेथे आठवले. अलीवर्दीखानाने बोलणी करण्याच्या मिषाने भास्कररामांस तंबूत बोलावून 1744 साली दगा केला, हे सांगताना आमचा आवाज चढे. 1751 च्या तहात बंगालची बारा लक्षांची चौथाई ठरली, हे सांगताना मुलांच्या माना ताठ होत. ती चौथाई कोणाच्या कोठारातून निघाली, हे आम्ही कधी विचारले नाही, आणि मुलांनीही नाही. दगा खरा होता, पराक्रमही खरा होता. पण त्या दाराआडचे पोर काही खोटे नव्हते.

त्या रात्री आम्हांस भरहुतचा कठडा पुन्हा आठवला. तेथील दानलेखांत नाशिकच्या गोरक्षिता नामक स्त्रीने एक स्तंभ दिल्याची नोंद आहे; आणि करहकट नावाच्या नगराचेही दान आहे, तेच आपले कऱ्हाड असे विद्वान मानतात. म्हणजे आपल्या मुलखाच्या नावाने पूर्वेकडे गेलेल्या जुन्या वस्तूंत देणेही आहे. पुढच्या काळातही ते खंडले नाही. देवघरजवळच्या मराठी कुटुंबात 1869 साली जन्मलेल्या सखाराम गणेश देऊस्करांनी बंगालीत ‘देशेर कथा’ हा ग्रंथ 1904 मध्ये लिहिला; परक्या राज्याखाली देश कसा निर्धन झाला हे त्यात मांडले होते, म्हणून सरकारने 1910 साली तो जप्त केला. बंगाल्यात शिवाजीउत्सव रुजविण्यास त्यांनीच श्रम घेतले, आणि त्या उत्सवाकरिता रवींद्रनाथांनी काव्य लिहिले. ज्या प्रांतात बर्गींचे भय होते, तेथे शिवाजीमहाराजांचे नाव आदराने घेतले जावे, हे एका मराठी माणसाच्या लेखणीने साधले.

मुलांना शहरे दाखवावी ती याकरिता. आपला अभिमान त्यांना घरी मिळतोच. दुसऱ्याच्या घरी आपले नाव कसे उच्चारले जाते, हे मात्र तेथे गेल्यावाचून कळत नाही.

दुसरे दिवशी संक्रांत होती. आमच्या घरच्या मंडळींनी बरोबर आणलेल्या तिळगुळाचा डबा घेऊन आम्ही पुन्हा बागबाजारात गेलो. नातीने त्या मुलापुढे हात केला आणि मराठीतच म्हटले, ‘तिळगूळ घ्या, गोड बोला.’ मुलाने आधी आजोबांकडे पाहिले, मग वडी घेतली. आतून आजीबाई पौषसंक्रांतीचे पिठे घेऊन आल्या, आणि त्यांनी आम्हांस पोटभर खाऊ घातल्याशिवाय उठू दिले नाही.