हमीच्या मुदतीतील स्कूटरदुरुस्ती

एके काळी स्कूटरसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे आपल्या क्रमांकाची वाट पाहावी लागे. आता ती मागितल्याबरोबर मिळते. परंतु हमीच्या मुदतीत दोष उद्भवल्यास विक्रेत्याच्या दारी ताटकळणे अद्यापि चुकलेले नाही. तालुक्यापासून दूरच्या शाळेत जाणाऱ्या शिक्षकाची अशा प्रत्येक खेपेस एक रजा खर्ची पडते आणि हमीचे दिवसही सरत जातात.

विक्रेत्याच्या चालढकलीमागे एक व्यावहारिक कारण असते. हमीखालील दुरुस्तीचा खर्च मुख्यतः निर्मात्या कंपनीने सोसावयाचा असतो. विक्रेता सदोष भाग बदलून त्याची किंमत व मजुरी कंपनीकडे मागतो. कंपनीने मागणी नाकारली, तर भुर्दंड त्याच्याच माथी बसतो. त्यामुळे भाग बदलण्यापेक्षा तात्पुरती डागडुजी करून गाडी परत पाठविण्याकडे त्याचा कल होतो.

यावर प्रभावी उपाय म्हणजे जॉबकार्ड. गाडी ताब्यात देताना तारीख, धावलेले किलोमीटर आणि तक्रार त्यावर नोंदवून घ्यावी. तक्रार ग्राहकाच्याच शब्दांत असावी. ‘गाडी तापल्यावर चढावर बंद पडते, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होते’ असे सांगितले असता कार्डावर ‘सर्वसाधारण तपासणी’ एवढेच लिहिले गेले, तर तो दोष कागदोपत्री घडलाच नाही असे होते. सही वाचूनच करावी व प्रत मागून घ्यावी. एकच दोष नमूद असलेली चार जॉबकार्डे ही तोंडी साक्षीपेक्षा वजनदार ठरतात.

ग्राहकाची बाजूही स्वच्छ हवी. ठरलेल्या सर्व्हिसिंग वेळेवर न केल्यास किंवा बाहेर फेरफार करून घेतल्यास हमी नाकारली जाऊ शकते. ब्रेक-शू, बल्ब यांसारखे झिजणारे भाग सहसा हमीत नसतात. टायर व बॅटरी यांच्या अटी बहुधा निराळ्या असतात. विजेवरील स्कूटरच्या बाबतीत बॅटरीच्या अटी विशेष लक्षपूर्वक वाचाव्यात.

दाद न मिळाल्यास विक्रेता व कंपनी या दोघांनाही लेखी पत्र पाठवावे. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. १९८६ च्या कायद्याची जागा घेणारा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करू शकतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही आणि वकील देण्याची सक्ती नाही. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. विक्रेता व कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे. एरवी एकमेकांकडे बोट दाखविण्यास वाव राहतो.

उत्पादनातील दोष सिद्ध करण्याच्या पायरीवर अनेकांची तक्रार ढिली पडते. चाचणीवाचून दोष ठरविणे शक्य नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तशी विनंती ग्राहकाने अवश्य करावी.

हमीत बसणाऱ्या कामाचे पैसे मागितले गेले आणि गाडीवाचून खोळंबा होत असेल, तर ‘हरकत राखून रक्कम भरली’ असा शेरा बिलावर लिहून गाडी सोडवून घ्यावी. ती रक्कम मागाहून परत मागताना हाच शेरा उपयोगी पडतो.