पडद्याच्या अलीकडचा गांधार

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर सगळेच थांबतात. त्याच्या भोवतीच्या गर्दीत अर्धा माणूस, अर्धा पक्षी असा एक किन्नर आहे. त्याच्याकडे फार थोड्यांची नजर जाते. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटकांच्या काळात, कुणा चित्रकाराने त्याच्या हातात तंतुवाद्य दिलं. म्हणजे तार आणि बोट यांची ओळख आपल्याकडे किमान दीड हजार वर्षांची आहे. आणि बोट तारेवर नेमकं कुठे टेकवायचं, हा प्रश्नही तेवढाच जुना आहे.

त्याला माणसाने दोन उत्तरं शोधली. एक तर दांडीवर पडदे बसवायचे, म्हणजे सूर पडद्याने ठरवून दिलेला असतो. नाही तर लाकूड मोकळं सोडायचं आणि सुराची जागा दर वेळी कानाने शोधायची. सतार आणि गिटार पहिल्या वाटेने गेल्या. सारंगी, सरोद आणि व्हायोलिन दुसऱ्या. बेस गिटारची गंमत अशी की ती पहिल्या वाटेने निघाली आणि दुसऱ्या वाटेला येऊन मिळाली. तिच्याआधीच्या उभ्या डबल बेसला पडदे नसतात. लिओ फेंडरने १९५१ मध्ये विजेवर चालणारा, गळ्यात अडकवायचा बेस बाजारात आणला तो पडदे लावून, कोणालाही चटकन सुरात वाजवता यावं म्हणून. दहा वर्षांनी रोलिंग स्टोन्सच्या बिल वायमनने एका स्वस्त बेसचे पडदे उपटून काढले. नवे बसवायचा बेत होता, पण मोकळ्या लाकडाचा आवाज इतका आवडला की ते राहूनच गेलं. १९७० पर्यंत फेंडर कंपनीही कारखान्यातूनच बिनपडद्यांचा बेस देऊ लागली.

असा वापरलेला बेस कुणी विकायला काढला, तर घेणारा खरं म्हणजे काय विकत घेतो? लाकडाची एक फळी. सगळं त्या फळीत आहे, आणि तिथे मिलिमीटरला किंमत आहे.

बेसच्या मोकळ्या तारेची लांबी साधारण ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर असते. ती तार षड्ज धरा. गिटारच्या हिशेबात शुद्ध गांधार चौथ्या पडद्यावर येतो, नटापासून (दांडीच्या वरच्या टोकाच्या पट्टीपासून) सुमारे १७८ मिलिमीटरवर. पण तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गांधार आपोआप ऐकू येतो, ज्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो, तो तारेचे पाच समान भाग केल्यावर सापडतो. त्याची जागा येते जवळजवळ १७३ मिलिमीटरवर. पडद्याच्या पाच मिलिमीटर अलीकडे! गिटारवाल्याचं बोट कुठेही पडो, पडदा त्याला त्याच्या ठरल्या जागीच धरून ठेवतो. तार ओढून सूर चढवता येतो, पण या गांधाराला उतरायचं असतं. बिनपडद्यांच्या बेसवर बोट जरा मागे सरकवलं की झालं. तंबोरा आणि बेस एकमेकांत मिसळतात, आणि कानाला टोचणारी ती बारीक लाट थांबते.

या पाच मिलिमीटरांसाठी महाराष्ट्रात माणसांनी आयुष्यं घातली आहेत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं ऐकून, सुरांची मापं घेऊन त्यांनी बावीस श्रुतींचा हिशेब मांडला आणि १९१० मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. ई. क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटीही बनवली गेली. पेटीला ते कष्ट पडले, कारण तिची प्रत्येक पट्टी एकाच सुराला बांधलेली. मोकळ्या लाकडावर तेच काम बोट करतं, पण त्याला क्षमा नाही. बाराव्या पडद्याच्या जागी बोट एक मिलिमीटर चुकलं तर सूर जवळपास चार सेंटनी हलतो. एका अर्धस्वराचे सेंट शंभर. तीनचार मिलिमीटर चुकलं की शेजारच्यालाही कळतं.

आता आवाजाकडे येऊ, कारण लोक हे वाद्य घेतात ते त्यासाठीच. पडद्यावरची तार धातूच्या एका कडेवरून सुटते, सूर लख्ख निघतो आणि विरत जातो. बिनपडद्यांच्या बेसवर तार थेट लाकडावर दाबली जाते. फळीला किंचित खोलगट बाक असतो. त्यामुळे बोटाच्या पुढे काही अंतर तार लाकडाला हलकेच घासत थरथरते, आणि सूर निघाल्यानंतर उमलतो. आधी गोल, मग त्यातून वरचे उपस्वर एकेक करून बाहेर येतात, माणसाने तोंड उघडत जावं तसे. हा आवाज ऐकून मराठी कानाला परकं वाटू नये. ही तंबोऱ्याची जवारीच आहे!

तंबोऱ्याची घोडी सपाट दिसते, पण तिला अगदी सूक्ष्म उतार असतो. तार त्या उतारावर घासत वाजते. खाली सरकवलेला सुताचा दोरा ती कुठे घासायची ते ठरवतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये वीणा आणि तंबोऱ्यावर निबंध लिहिला, तो याच चमत्काराने थक्क होऊन. तेव्हाचं शास्त्र सांगे की तार ज्या बिंदूवर छेडाल, तिथे ज्या उपस्वराचा स्थिरबिंदू असेल तो उपस्वर उमटणारच नाही. रामन यांना या वाद्यांत तेच उपस्वर ठणठणीत ऐकू आले. रुंद, बाकदार घोडीने नियमालाच वळसा घातला होता. मिरजेचे कारागीर घोडीला हा उतार देण्याचं काम कानसाने आणि कानाने पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी वाद्यांकडे वळली आणि सतारमेकर झाली. पंढरपूर भागातले भोपळे त्यांच्या अंगणात वाळत पडलेले असतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. माझं मत असं आहे की जवारी लावणाऱ्या माणसाला वापरलेला बेस दाखवला, तर गिटारच्या दुकानातल्या पुष्कळांपेक्षा तो त्यातलं बरंवाईट लवकर ओळखेल.

तो काय बघेल? आधी वाद्य डोळ्यासमोर आडवं धरून फळीवरून नजर सोडेल. मग तार पहिल्या आणि शेवटच्या स्वराच्या जागी एकदम दाबून मधली फट पाहील. कागद जेमतेम जाईल एवढी फट असली तर ठीक. फार असली तर बोटाला जड जातं, अजिबात नसली तर तार सगळीकडे खरखरते. मानेच्या आतला लोखंडी दांडा, ट्रस रॉड, चावीने फिरतो का हे बघायलाच हवं. तो अडकलेला असेल तर किंमत कितीही उतरली तरी वाद्य घेऊ नये. मग प्रत्येक तारेवर अर्ध्या-अर्ध्या स्वराने चढत जायचं. एखाद्या जागी सूर उमलण्याआधीच मरत असेल तर तिथे लाकूड खचलेलं असू शकतं.

ते खचतं तारांमुळेच. राउंडवाउंड तारा कानसासारख्या; मींड घेताना शिसवीच्या फळीला त्या चरे पाडतात. फ्लॅटवाउंड तारा गुळगुळीत, त्या लाकूड राखतात, पण चमक कमी देतात. अमेरिकेच्या जॅको पास्टोरियसला चमकही हवी होती आणि फळीही. त्याने आपल्या १९६२ च्या फेंडर जॅझ बेसच्या, पडदे निघालेल्या मोकळ्या खाचा भरल्या आणि फळीवर बोटींना लावतात तसलं इपॉक्सी चढवलं. १९७६ च्या त्याच्या पहिल्या रेकॉर्डवर तो कडक, गाणारा आवाज ऐकू येतो. त्यानंतर जगभर कित्येकांनी आपापले पडदे उपटले.

म्हणूनच बाजारात येणाऱ्या अशा बेसपैकी काही घरी पडदे काढलेले असतात. ओळखायला एक सोपी खूण आहे: दांडीच्या कडेवरचे ठिपके. पडद्यांच्या गिटारवर ते दोन पडद्यांच्या मध्ये असतात, कारण बोट तिथे ठेवायचं असतं. बिनपडद्यांवर सूर पडद्याच्या रेघेवरच असतो, म्हणून कारखान्यातल्या रेघा नसलेल्या बऱ्याच बेसवर ठिपके त्या जागी सरकवलेले दिसतात. पडदे उपटलेल्या बेसवर ते मधेच राहतात, आणि ठिपक्यावर बोट ठेवलं की सूर जवळजवळ पाव स्वर उतरतो. खाचा कशाने भरल्यात तेही नखाने चाचपावं. संभाजीनगरच्या चाळिशीपारच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं. खाचांत भरलेल्या पट्ट्या नीट बसवल्या नसतील तर नखाला अडखळतात.

विकणाऱ्याला माझं सांगणं एवढंच: फोटो कितीही चांगले काढा, त्यात आवाज दिसत नाही. एकाच तारेवर वरपासून खालपर्यंत संथ मींड घेऊन ती रेकॉर्ड करून पाठवा. हे वाद्य घेणारे थोडे असतात, पण ते कानाने घेतात. परदेशी पाठवायचं असेल तर फळीचं लाकूड लिहून द्या. जानेवारी २०१७ मध्ये शिसवीच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले होते. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती २०१९ च्या अखेरीस.

आणि जुनं बिल, अनुक्रमांक, आधीच्या मालकाचा कागद, हे मागायला लाजू नये. जॅकोचा तो बेस १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बागेतून चोरीला गेला. पुढच्याच वर्षी जॅको वारला, पस्तीस वर्षांचा. बेस २००६ मध्ये तिथल्याच एका वाद्यांच्या दुकानात उगवला, आणि मेटॅलिकाच्या रॉबर्ट त्रुहियोच्या मदतीने कुटुंबाकडे परत गेला.

एवढं सगळं पाहून झालं की फोनवर तंबोरा लावा आणि मोकळी तार त्याच्या षड्जाशी जुळवा. चौथ्या पडद्याच्या जागी बोट ठेवा आणि ते हळूहळू नटाकडे, पाच मिलिमीटर, सरकवत न्या. गांधार तंबोऱ्यात जाऊन बसला आणि तरीही फळीवर घासत उमलत राहिला, तर भाव करायला बसा.