नाशिक जिल्ह्यातील बचत खाती व वित्तीय समावेशन

अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना बँक, टपाल कार्यालय अशा औपचारिक संस्थांच्या सेवा परवडणाऱ्या खर्चात मिळणे यास वित्तीय समावेशन म्हणतात. या संज्ञेत कर्ज व विमाही येतो. प्रस्तुत लेख बचतीपुरता आहे.

पार्श्वभूमी

सुरगाणा, पेठ या आदिवासी तालुक्यांतील अनेक कुटुंबे हंगामात निफाड, दिंडोरीच्या द्राक्षबागांवर मजुरीला जातात. मजुरी रोख आणि हंगामापुरती मिळते. खर्च मात्र वर्षभर असतो. त्यामुळे बचतीची गरज श्रीमंतांपेक्षा या कुटुंबांनाच अधिक असते. ती पूर्वापार दागिने, शेळ्या आणि भिशी यांतून भागवली जाते. भिशीत प्रत्येक सभासद ठरावीक रक्कम भरतो व जमा झालेली एकूण रक्कम आळीपाळीने एकेकाला मिळते.

नाबार्डने 1992 मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला. त्यात खाते गटाच्या नावे असते. स्वतःच्या नावाचे खाते अनेक स्त्रियांना त्यानंतर, प्रधानमंत्री जनधन योजनेतून (28 ऑगस्ट 2014) मिळाले. या खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही. जागतिक बँकेच्या पाहणीनुसार भारतात खाते असलेल्या प्रौढांचे प्रमाण 2011 मधील 35 टक्क्यांवरून 2017 मध्ये 80 टक्क्यांवर गेले. तथापि, खाते असणे आणि त्यात बचत करणे या भिन्न गोष्टी होत. अनुदान जमा होताच ते पूर्ण काढून घेतले, तर खाते केवळ अनुदानाची वाट ठरते.

जिल्हा बँकेतील रोकडटंचाई

ग्रामीण नाशिकमध्ये ‘बँक’ म्हणजे बहुधा नाशिक जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक. गावोगावच्या विकास सोसायट्यांमार्फत ती पीककर्ज देते. 8 नोव्हेंबर 2016 रोजी नोटाबंदी जाहीर झाली. काही दिवसांतच रिझर्व्ह बँकेने जिल्हा बँकांना जुन्या 500 व 1000 रुपयांच्या नोटा स्वीकारण्यास मनाई केली. आधी स्वीकारलेल्या नोटाही जिल्हा बँकांकडे अडकून राहिल्या. त्या रिझर्व्ह बँकेत भरण्याची मुभा जून 2017 मध्ये मिळाली. कर्जाची थकबाकी आणि ही कोंडी यांमुळे नाशिकच्या बँकेत रोकडटंचाई उद्भवली. स्वतःच्याच पैशासाठी ठेवीदारांना हेलपाटे घालावे लागले. ज्या घरात आजारपण किंवा पेरणी तोंडावर असते, तेथे अडकलेली ठेव नसल्यासारखीच असते.

ठेवींचे संरक्षण

ठेव विमा महामंडळाचे संरक्षण सहकारी बँकांनाही लागू असून 4 फेब्रुवारी 2020 पासून त्याची मर्यादा एका बँकेत प्रत्येक ठेवीदारास 5 लाख रुपये आहे. मात्र बँक अवसायनात निघाल्यावर किंवा 2021 च्या दुरुस्तीनुसार पैसे काढण्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आल्यावरच हा विमा मिळू शकतो. शाखेत रोकड नाही एवढ्याने नव्हे. पतसंस्था बँक नसल्याने तेथील ठेवींना हे संरक्षण मुळीच नाही, आणि दारात येऊन रोजची रक्कम गोळा करणारा प्रतिनिधी पुष्कळदा पतसंस्थेचाच असतो.